फ आणि भ यांची बाजू

घरच्या घरी गाणे किंवा वाचन ध्वनिमुद्रित करणारी माणसे आता गल्लोगल्ली आहेत. एक यूएसबी माइक, लॅपटॉपवर ऑडॅसिटीसारखे फुकटचे सॉफ्टवेअर, बेडरूमचे दार लावून घेतले, पंखा बंद केला की स्टुडिओ तयार. कोणी अभंग गाते, कोणी कथावाचनाचा पॉडकास्ट करते. हेडफोन लावून पहिले ध्वनिमुद्रण ऐकले, की 'पांडुरंग'मधल्या 'पां'वर आणि 'भक्ती'तल्या 'भ'वर कानात धप्प होते. स्टुडिओतली माणसे याला 'पॉप' म्हणतात, किंवा 'माइकला हवा लागतेय' एवढे सांगून मोकळी होतात. यावर बहुतेक ठिकाणी मिळणारा पहिला सल्ला असा, की ओठांवरची अक्षरे जरा हळू उच्चारा, त्यांची धार कमी करा. हा सल्ला मूळचा इंग्रजी गायकांसाठी तयार झालेला आहे आणि मराठीत तो जसाच्या तसा उचलणे घातक आहे, असे माझे मत आहे. धप्प होण्यात अक्षराचा काही गुन्हा नाही. गुन्हा असलाच तर माइक जिथे ठेवला त्या जागेचा आहे. तेव्हा हलायचे कोणी, ओठांनी की माइकने, एवढाच प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर मराठी वर्णमालेतच आहे.

आधी नेमके काय घडते ते पाहू. प, फ, ब, भ म्हणताना दोन्ही ओठ मिटतात. मागून फुप्फुसांतली हवा येत असते, तिला वाट नसते, म्हणून तोंडात दाब साठतो. तो काही मोठा नसतो. साध्या बोलण्यात 5 ते 10 सेंटीमीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतका भरेल. पण ओठ उघडताच ही कोंडलेली हवा सरळ समोर, अरुंद झोताने बाहेर पडते. तळहात ओठांपासून चार बोटांवर धरून आधी 'बळ' म्हणावे, मग 'पळ', मग 'फळ'. 'बळ'ला हाताला जेमतेम काही कळते, 'पळ'ला एक बारीक टिचकी बसते, आणि 'फळ'ला तळहाताच्या मधोमध रुपयाएवढ्या जागेवर गार झुळूक स्पष्ट लागते. 'मळ' म्हटले तर काहीच लागत नाही. ओठ तेव्हाही मिटतात, पण नाकाची वाट उघडी असल्यामुळे दाब साठतच नाही. आता तळहात चार बोटे बाजूला सरकवावा आणि पुन्हा 'फळ' म्हणावे. झुळूक नाहीशी होते. कानाला मात्र 'फळ' तितकेच खणखणीत ऐकू येते, त्यात काही उणे होत नाही. या लेखातला सगळा युक्तिवाद या एका प्रयोगात आला. पुढे लिहायचे आहे ते शंकांसाठी.

आवाज आणि वारा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आवाज म्हणजे हवेतल्या दाबाची लहर. ती सेकंदाला सुमारे 340 मीटर वेगाने चहूकडे पसरते आणि तिच्यासाठी हवेला जागा सोडून कुठे जावे लागत नाही. वारा म्हणजे खुद्द हवाच निघालेली. तिचा वेग त्या मानाने अगदीच किरकोळ, दिशा एकच, आणि थोड्या अंतरात ती दमते, विस्कटते, विरून जाते. ओठांपासून 15 सेंटीमीटरवरच्या माइकपर्यंत आवाज अर्ध्या मिलिसेकंदाच्या आत पोचतो, वारा त्याच्यानंतर. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये 'फळ'ची आकृती मोठी करून पाहिली तर आधी ओठ सुटल्याची केसासारखी बारीक थरथर दिसते, तिच्यामागून एकदोन भलेमोठे, रुंद, संथ उंचवटे येतात, आणि मग स्वराच्या नियमित लाटा सुरू होतात. ते उंचवटे म्हणजे वारा. त्यांतली बहुतेक ताकद 100-150 हर्ट्झच्या खाली असते. आणि मुख्य गोष्ट ही, की समोर बसून ऐकणाऱ्या माणसाला हा भाग कधीच ऐकू येत नाही. तो दोन हातांवर बसलेला असतो, त्याचे कान कोणाच्या ओठांसमोर टेकलेले नसतात, वारा तिथवर पोचतच नाही. तेव्हा 'हा ठोका नैसर्गिक आहे, राहू द्या, त्यात जिवंतपणा आहे' असे कोणी म्हणाले तर ते बरोबर नाही. ओठ सुटल्याची थरथर नैसर्गिक आहे, अक्षर तीच घडवते, ती राखलीच पाहिजे. वाऱ्याचा धक्का मात्र माइकच्या पडद्यावर जन्मलेला आहे, गायकाच्या गळ्यात नव्हे.

माइकला तो इतका का झोंबतो, यालाही कारण आहे. घरी वापरले जाणारे बहुतेक माइक एकाच दिशेने ऐकणारे, कार्डिऑइड जातीचे असतात. त्यांचा पडदा दोन्ही बाजूंनी हवेला खुला असतो आणि पुढच्या-मागच्या दाबातल्या फरकावर तो हलतो. अशी रचना हवेच्या संथ हालचालीला फार हळवी असते. त्यातून तोंड जवळ आले की हे माइक खालचे स्वर फुगवतात. निवेदकांना आवडणारा तो 'भारदस्त' आवाज यातूनच येतो. म्हणजे भारदस्तपणासाठी जवळ जावे, तर त्याच फुगवट्यात ठोकाही फुगतो. चारी बाजूंचे ऐकणारे माइक मागून बंद असतात, ते वाऱ्याला कमी बिचकतात. बातम्या देणाऱ्यांच्या कॉलरला असतो तो छोटा माइक बहुधा याच जातीचा, आणि शिवाय छातीवर, झोताच्या वाटेबाहेर. तिथे पॉपची तक्रार फारशी ऐकू येत नाही, आणि त्यासाठी वृत्तनिवेदकाला कोणी 'भारत' हळू म्हणायला सांगितलेले नाही.

ही अडचण तशी आधुनिकच. 1902 साली कलकत्त्यात गौहर जानचे गाणे तबकडीवर उतरले तेव्हा माइक नव्हताच. भोंग्यात तोंड घालून मोठ्याने गायचे, आणि भोंग्यातून खालचे स्वर फारसे उतरत नसत, त्यामुळे ठोकाही उतरत नसे. 1925 पासून विजेवरचे ध्वनिमुद्रण आले, माइक आला, हळू गाता येऊ लागले, जवळ येऊन गाता येऊ लागले. आपल्याकडे संगीत नाटकाची तालीम नेमकी याच्या उलट होती. शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाला पदाचा शब्द कळला पाहिजे, म्हणून व्यंजन ठाशीव टाकायचे. कीर्तनकार, शाहीर, सभा गाजवणारा वक्ता, सगळ्यांची शिकवण हीच. त्या वळणाच्या माणसाला आज वीतभर अंतरावरच्या माइकसमोर बसवले आणि धप्प झाले, तर त्याला 'तुमचा उच्चार फार जोरदार आहे' असे सांगणे म्हणजे पिढ्यांची कमाई एका स्वस्त स्टँडपायी मोडीत काढणे आहे. चित्रपटगीतांच्या काळातल्या मोठ्या गायकांनी उलट माइकशी कसे वागायचे ते शिकून घेतले. माइकसमोर श्वास कुठे आणि कसा घ्यायचा, हे आपल्याला संगीतकार अनिल विश्वास यांनी शिकवले, असे लता मंगेशकर सांगत. ती शिकवण श्वासाच्या जागेची होती. शब्द पातळ करण्याची नव्हती.

आता वर्णमालेकडे. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीचा 'पी' हा आपल्या कानाला जवळजवळ 'फ'सारखाच, श्वास सोडत म्हटलेला असतो. पण 'पिन'मधला पी श्वासाचा आणि 'स्पिन'मधला बिनश्वासाचा, हा फरक इंग्रजी बोलणाऱ्याला जाणवतही नाही, कारण त्याने अर्थ बदलत नाही. म्हणूनच 'पी हळू म्हणा' हा सल्ला त्यांना फुकटात पडतो. गायकाने श्वास आवरला तरी शब्द तोच राहतो. मराठीत हिशेब वेगळा आहे. 1964 साली ली लिस्कर आणि आर्थर अब्रामसन या दोन ध्वनिशास्त्रज्ञांनी 11 भाषांतले शब्दारंभीचे स्पर्शवर्ण मोजले, त्यांत मराठीही होती. ओठ सुटणे आणि गळ्यातला कंप सुरू होणे यांत किती मिलिसेकंदांचे अंतर पडते, ते त्यांनी तपासले. इंग्रजी 'पी'साठी ते 60 मिलिसेकंदांच्या आसपास आले. बहुतेक भाषांतले वर्ण या एका मापाने नीट वेगळे पडले. हिंदी आणि मराठी मात्र या मापात पुरत्या बसल्या नाहीत, कारण इथे गट चार आहेत, आणि ब व भ या दोघांतही कंप ओठ सुटण्याआधीच सुरू झालेला असतो. वेळेच्या मापाने ते एकमेकांत मिसळतात. त्यांना वेगळे ठेवतो तो श्वास. तो काढून घेतला तर 'भ'जवळ स्वतःचे असे काही उरत नाही. भाऊचा बाऊ होतो, भाताची बात होते. 'फ'चेही तेच. फुलाचा पूल होतो, आणि 'फार झाले'चे 'पार झाले' होते, जो अर्थ अगदीच निराळा. वर्णमालेत हे वर्ण महाप्राण म्हणून वेगळे काढले आहेत ते शोभेसाठी नाही. अभंगात तर भक्ती, भाव, भजन, भेटी, सगळी गर्दी 'भ'चीच. गायकाने ओठ जपून जपून गायले, तर ऐकणाऱ्याला पॉप ऐकू येणार नाही हे खरे, पण बावबक्ती ऐकू येईल.

इथे एक गोष्ट मान्य केली पाहिजे. 'प'ची बाजू 'फ'इतकी भक्कम नाही. मराठी 'प' हा अल्पप्राण, त्याला श्वासाचा हक्कच नाही. पुष्कळ जण, विशेषतः इंग्रजीत शिकलेले तरुण गायक, 'प्रेम' किंवा 'पाऊस' म्हणताना त्यात नकळत श्वास भरतात. तिथे श्वास आवरायला जरूर सांगावे. ते माइकसाठीही चांगले आणि मराठीसाठीही. तसेच वाक्याच्या आरंभी 'पण' वर उगाच जोर देण्याची निवेदकांची खोड. ती गेली तर कोणी रडणार नाही. 'फ' अनेक जण दात आणि ओठ यांच्या फटीतून, फुंकरीसारखा काढतात. तो स्फोट नसून सरळ वाराच असतो, आणि माइकला तोही लागतोच. त्याचे उच्चारशास्त्रीय भांडण इथे नको. माझा मुद्दा एवढाच, की ओठांना सांगायचेच असेल तर 'प'ला सांगा. 'फ' आणि 'भ' यांच्या वाटेला जाऊ नका.

मग करायचे काय? माइक झोताच्या वाटेतून काढायचा. तोंडासमोर नाकाच्या रेषेत ठेवण्याऐवजी तो ओठांच्या कोपऱ्याच्या बाजूला, 30 ते 45 अंशांवर, एका वितीच्या आतबाहेर ठेवायचा आणि त्याचे तोंड गायकाच्या तोंडाकडे वळवायचे. गायकाने पाहायचे समोर, माइककडे नाही. किंवा माइक कपाळाच्या उंचीवर उलटा टांगून ओठांकडे रोखायचा. हा प्रकार मला जास्त पसंत आहे, कारण नाकातून सुटणारा श्वास खाली जातो, आणि खालून लावलेल्या माइकला तोही ऐकू येतो. टेबलावर समोर ठेवलेला छोटा स्टँड ही सर्वांत वाईट जागा: झोत त्याच्या अंगावर, नाकाचा श्वास त्याच्या डोक्यावर, आणि टेबलावरून उलटणारा आवाज फुकटात. बाजूच्या माइकला आवाजातली अगदी वरची चमक किंचित कमी मिळते, हे खरे आहे. ती नंतर थोडी वाढवता येते. बाजूने घेतलेल्या आवाजात 'स' आणि 'श'ची शिट्टीही जरा बोथट होते, म्हणजे अनेकांना हा तोटा फायद्याचाच वाटेल.

यावर घरोघरीचा आक्षेप असा, की माइक हलवला की खोली घुमते. फरशी गुळगुळीत, भिंती उघड्या, बाहेर रिक्षांचे हॉर्न, शेजारी कुकरच्या शिट्ट्या. माइक जवळ होता तेव्हा हे सगळे दबून जात होते. आक्षेप खरा आहे, पण तो लांब जाण्याला लागू पडतो, बाजूला जाण्याला नाही. अंतर दुप्पट केले तर थेट आवाज सुमारे 6 डेसिबलने घटतो आणि खोलीचा आवाज मात्र तेवढाच राहतो; म्हणून एका वितीच्या दोन विती करणे घरात परवडत नाही. पण त्याच वितीवर माइक कडेला फिरवला तर अंतर बदलत नाही, खोली पूर्वीइतकीच दबलेली राहते आणि वारा मात्र बाजूने निघून जातो. उरलेल्या घुमण्यासाठी गायकाच्या पाठीमागे दोन जाड गोधड्या टांगाव्यात, किंवा कपड्यांनी भरलेले कपाट उघडून त्याला पाठ करून उभे राहावे. कार्डिऑइड माइक त्याच्या समोरच्या बाजूचे, म्हणजे गायकाच्या पाठीमागचे, जास्त ऐकतो. म्हणून गोधडी तिथे हवी, माइकच्या मागच्या भिंतीवर आधी नको. बहुतेक लोक नेमके उलट करतात.

पॉप फिल्टरला माझा विरोध नाही, त्याच्यावरच्या आंधळ्या विश्वासाला आहे. ताणलेल्या नायलॉनच्या जाळीतून दाबाची लहर जवळजवळ अबाधित पार होते, पण समोरून आलेला झोत तिथे शेकडो बारीक धारांत फुटतो आणि थोड्या अंतरात मरतो. त्या मरण्याला अंतर लागते, हे लक्षात न घेता लोक फिल्टर माइकला चिकटवतात आणि मग 'फिल्टर लावूनही पॉप येतो' म्हणतात. जाळी आणि माइक यांच्यात चार बोटे तरी मोकळी हवीत, आणि ओठ जाळीला टेकायला नकोत. भरतकामाच्या रिंगमध्ये पायमोजाचे पातळ नायलॉन दुहेरी ताणून बसवले तरी काम उत्तम होते. माइकवर चढवायच्या स्पंजने वारा अडतो, पण आवाजाची वरची धारही थोडी जाते. आणि माइकला रुमाल गुंडाळू नये. त्याने वारा कमी आणि आवाज जास्त अडतो.

सगळ्यात जोरदार आक्षेप आता सॉफ्टवेअरवाल्यांचा आहे: एवढा खटाटोप कशाला, नंतर एका बटणात ठोका काढता येतो. काढता येतो, पुष्कळदा चांगलाही निघतो. आकृतीतला तो रुंद उंचवटा निवडून तेवढ्यापुरते खालचे स्वर उतरवले तर अक्षराला धक्का न लागता काम होते. पण तीन गोष्टी राहतात. ठोक्याने ध्वनिमुद्रणाच्या वेळीच पातळी ओलांडली असेल तर आकृतीचा माथा छाटला जातो, आणि छाटलेले परत आणता येत नाही. दुसरे, सरसकट चाळणी लावून 100 हर्ट्झच्या खालचे सगळे उडवले तर निवेदिकेचे काही बिघडत नाही, पण काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा खर्जाचा षड्ज 69 हर्ट्झच्या आसपास असतो. त्याचा सूर वरच्या आवर्तनांवरून ओळखू येईल, अंग मात्र जाईल. तिसरी गोष्ट फसवी आहे. लॅपटॉपच्या किंवा फोनच्या स्पीकरला इतके खालचे स्वर वाजवताच येत नाहीत, त्यामुळे संपादन करणाऱ्याला ठोका ऐकूच येत नाही आणि तो सुटतो. मग आवाज समान करणारा कॉम्प्रेसर त्या न ऐकू येणाऱ्या ठोक्याला दचकून पातळी खाली खेचतो, आणि 'भक्ती'तला 'भ'नंतरचा स्वरच बुडतो. फोनवर ऐकणाऱ्याला ठोका नाही, पण लंगडा शब्द मिळतो. इयरफोनवर किंवा गाडीत ऐकणाऱ्याला दोन्ही. तासाभराच्या कथावाचनात असे 'भ' आणि 'फ' शेकड्यांनी येतात. एकेकाला निवडून दुरुस्त करत बसण्यापेक्षा सुरुवातीला स्टँड फिरवणे सोपे.

तेव्हा काही विकत घेण्याआधी हे करून पाहावे. माइक वीतभर अंतरावर, ओठांच्या कोपऱ्याला, किंचित वर ठेवावा आणि नेहमीच्या ठणठणीत आवाजात म्हणावे: 'भावानं फणस फोडून पाहुण्यांपुढं परातभर पसरला.' ते स्पीकरवर नव्हे, हेडफोनवर ऐकावे. धप्प झाले तर माइक आणखी चार बोटे बाजूला घ्यावा आणि पुन्हा म्हणावे. तरीही झाले, तर फिल्टर आणावा. 'भ' मात्र पूर्ण म्हणावा.